खडवलीचे तीन ऐन

बाबा, खडवलीच्या त्या तीन ऐनाच्या झाडांचं काय झालं, ते तुला सांगायचंय. तू जाऊन इतकी वर्षं झाली की आपल्या कोपरच्या खाडीवर आता तुझ्या ओळखीचं फारसं काही उरलं नाही. मीही हॉस्पिटलात आयुष्यभर लोकांच्या जखमा पुसून, पट्ट्या बांधून रिटायर झाले. पण गेल्या वर्षी नवरात्रात तुझ्या खडवलीच्या दोस्ताच्या मुलाचा फोन आला. त्याचे वडीलही आता नाहीत. तो म्हणाला, "ताई, राग मानू नको, पण नदीकडचे तीन ऐन शेंड्याकडून वाळत चाललेत. गावातले म्हणतात, तुझ्या वडिलांनी साली काढल्या तीच ही झाडं, आतून सडली असणार. दिवाळी झाली की तोडून टाकतो." माझं डोकंच सटकलं. म्हटलं, "माझ्या बापाच्या माथी काही मारू नको हां! मी यायच्या आत कुऱ्हाड लावलीस तर बघच."

फोन ठेवला खरा. पण साल तू काढलेलीसच. तेव्हा आपली जाळी सुती, ऐनाच्या सालीच्या पाण्यात उकळून घेतली नाहीत तर खाडीत बघता बघता कुजायची. तू कोयता घेऊन पुढे, मी रिकामं पोतं घेऊन मागे. दोस्तासाठी सुकटीचं पुडकं न्यायचास, तो तुला झाडं दाखवायचा. घरी आल्यावर आई चुलीवर मोठा हंडा चढवते, पाणी लालभडक होतं, आणि ती करवादते, "तुजे जाल्यानी माजा हंडा काला केला, आता यानचा पानी कोन पियेल?" तू नुसता हसतोस. नायलॉन आलं आणि ते सगळं संपलं. पण एक दिवस मी विसरलेले नाही. तू नदीवर पाणी प्यायला गेलेलास, आणि मी आपली मदत म्हणून कोयता उचलून झाडाच्या दुसऱ्या अंगाला घाव घातला. तू ओरडत धावत आलास, कोयता हिसकावून घेतलास. "बाय, झार गोल सोलाचा नाय! एके अंगाचीच घ्यायाची. चारी अंगानी सोलला त मेला तो!" मी भोकाड पसरलं. मग खडवली स्टेशनाबाहेर तू मला गरम भजी घेऊन दिलीस, आणि स्वतः एकही खाल्लं नाहीस.

तर मी गेले. तो मुलगा, आता त्याचेही केस पिकलेत म्हणा, मला थेट झाडांपाशी घेऊन गेला. बघते तर तिन्ही झाडांभोवती एकेक कमरेएवढा गोल पार बांधलेला, वर छान फरशी, गेरूचा पट्टा. आणि झाडांचे शेंडे साफ बोडके. तुझ्या कोयत्याच्या खुणा शोधल्या, तर त्या दिसल्या. पण बाबा, मी जखमा बघण्यात जन्म घालवलाय. दोन्ही कडांनी साल जाड होत होत आत आलेली, मधे जेमतेम बोट मावेल एवढी फट, आत लाकूड कोरडं, टणक. भरलेली जखम होती ती. ना पाणी, ना वास. "ही मारणारी जखम नाही रे," मी म्हटलं. तो म्हणाला, "मग मेली कशाने? देवीच्या कोपाने?"

मी विचारलं, बाबांनी आणखी कुठली झाडं सोललेली? तो मला चढावर घेऊन गेला. तिथे चार-पाच ऐन उभे होते, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल, प्रत्येकावर तुझी खूण, उलट खालच्यांपेक्षा मोठी. आणि झाडं कशी, हिरवीगार, डवरलेली! तिथेच मला कळायला लागलं. वरची झाडं जमिनीशी रुंद होत गेलेली, मुळं पंजा रोवल्यासारखी बाहेर दिसत होती. खालची मात्र पारातून सरळ वर आलेली, विजेच्या खांबासारखी. मी म्हटलं, "अरे, यांचे पाय कुठे गेले? पारात काय भरलंयस?" तो म्हणाला, "माती. नदीची चांगली काळी माती, मुद्दाम आणून. वडील इथेच बसायचे ना, ते गेल्यावर त्यांच्या आठवणीखातर बांधला."

मी त्याला पहार आणायला लावली. एका बाजूची फरशी उचकटली, माती उपसत खाली गेलो, आणि आंबट घाण वास आला. मातीखाली गाडलेली साल लिबलिबीत झालेली, बोटाने निघून येत होती, आणि ती नुसती तू सोललेल्या अंगाला नाही, चहूबाजूंनी. झाड बुंध्याशी गुदमरत होतं. तो मटकन खाली बसला. "म्हणजे मीच?" त्याचं तोंड बघवत नव्हतं, आणि मला मात्र इतकं हलकं वाटलं, इतकं हलकं, की मला हसूच आलं. मग माझीच मला लाज वाटली. म्हटलं, "येड्या, पार वडाला बांधतात. वड कुठूनही मुळं काढतो. तू आपला मायेने केलंस. ऊठ, मोकळं करू या."

दिवाळीआधी त्याने तिन्ही पार फोडले, माती जुन्या जमिनीपर्यंत काढली. मी सारखे फोन करून त्याचं डोकं खाल्लं. यंदा ऐनाला पालवी यायच्या दिवसांत त्याने फोटो पाठवला. दोन झाडांना खालच्या फांद्यांवर तरी तांबूस कोवळी पानं. तिसऱ्याचं अजून काही खरं नाही, पण त्यालाही तो आता कुऱ्हाड लावणार नाही. गावात जो भेटेल त्याला स्वतःच सांगतो म्हणे, "ताईच्या वडिलांचा काही दोष नव्हता, माझाच पार नडला." 

हे पत्र मोबाईलमध्ये लिहितेय, पाठवायला तुझा नंबर कुठला! पण एक सांगायला हवं. फोनवर मी तुझ्यासाठी भांडले खरी, पण खडवलीला जाताना वाटभर तुझ्या वतीने माफी कशी मागायची, तेच शब्द जुळवत होते. तू मला कोयत्यावरून किती ओरडलेलास, ते आठवत असूनही. ती फरशी उचकटेपर्यंत, बाबा, मनातून मीही तुलाच दोषी धरलेलं.