गाडी आता तापत नाही

प्रिय ठमे,

तुझा फोन आला की माझं एकच पालुपद असतं, गाडीचं तेवढं काम होऊ दे, मग स्वतः चालवत येतो तुझ्याकडे, कायमचा राहायला. वर्ष उलटलं त्याला. तू चिडत नाहीस, पण जावईबापू विचारत होते म्हणे, बाबा गाडी दुरुस्त करताहेत की नवीन बनवताहेत. त्यांना म्हणावं, दोन्ही. आणि काम झालं एकदाचं. गाडी आता तापत नाही.

घाटाच्या चढावर ती कशी हमखास उकळायची, आठवतं ना? एका मेकॅनिकचं ऐकून मी आणि तुझ्या आईनं थर्मोस्टॅट काढूनच टाकला होता. पाण्याच्या वाटेत झडप हवी कशाला, असा आमचा शहाणपणा. गाडी आणखीच तापायला लागली. आई म्हणायची, तुझ्या बाबांचं आणि गाडीचं डोकं एकदमच तापतं, आधी पाणी कुणावर ओतू? मग वळणावरच्या दगडावर बसून राहायचं, इंजिन निवेपर्यंत. तू गाणी म्हणायचीस, आणि आई घरात कधी न बोललेलं काहीबाही मला सांगायची.

खरं कारण आत्ता, पुस्तकं चाळून आणि हात काळे करून कळलं. आपल्या इंजिनात पाण्याला परतायची एक आडवाट आहे. इंजिन गार असलं की पाणी तिथूनच फिरतं. तापलं की थर्मोस्टॅट उघडतो, आणि त्याच्याच खालची पितळी कड ती आडवाट बुजवते, म्हणजे पाणी मुकाट्यानं रेडिएटरकडे जातं. आम्ही तो काढून पाण्याला कामचुकारपणाची सोयच करून दिली होती. हल्ली मिळतात त्यांना ती कड नसते. दुकानदार लवकर उघडणारा, चौऱ्याहत्तर अंशांचा गळ्यात मारत होता. पण झडप लवकर उघडली म्हणून रेडिएटर काही मोठा होत नाही, नुसतं इंजिन नीट तापत नाही. मी ब्याऐंशीचा घेतला. जुन्या नळाच्या पितळी नळीतून कड कापली, घासली, डाख देऊन खाली बसवली. हवा कोंडू नये म्हणून एक बारीक भोक पाडलं. मग दुधाच्या पातेल्यात पाणी तापवून तो दोऱ्यानं आत सोडला. उघडला की गं, कडही बरोबर खाली सरकली! दाखवायला घरात कुणी नव्हतं. आई असती तर आधी पातेल्यावरून मला बोलणी बसली असती, आणि मग तीही वाकून बघत राहिली असती.

गेल्या आठवड्यात घाट चढलो. तापमानाचा काटा मधोमध, जागचा हलेना. आपलं वळण आलं आणि गेलं, थांबायला कारणच उरलं नव्हतं. पुढे रस्त्याचं काम चालू होतं. एक बाई लाल झेंडी हलवत कडेला उभी होती, ती मला दिसलीच नाही. ब्रेक दाबला तेव्हा झेंडी बॉनेटवर पडलेली. तिनं उडी मारली म्हणून वाचली. मी उतरलो. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिनं माझ्या डोळ्यांकडे निरखून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आजोबा, घरी गाडी चालवणारं दुसरं कुणी नाही का?"

माझं लक्ष काट्याकडे होतं, असं मी स्वतःला दोन दिवस समजावलं. मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. कडेचं दिसणं हळूहळू गेलंय, आणि ते काही परत येणारं नाही. गाडी चालवायची नाही, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. मागच्या वर्षी निघालो असतो तर स्वतः चालवत येता आलं असतं, ही चुटपुट काही जात नाही. गाडी हे निमित्त होतं गं. हे घर सोडवत नव्हतं, म्हणून काम लांबलं की मनातून बरंच वाटायचं.

म्हणून हे पत्र. फोनवर मला बोलता आलं नसतं. तू ये, मला न्यायला. गाडी तू चालव. मी शेजारी बसेन, तुझ्या आईच्या जागेवर. तिथून रस्ता कसा दिसतो, ते मी तिला कधी विचारलंच नाही.

वाट बघणारा तुझाच,
बाबा