उशिरा जागे झालेले हृदय

उप्साला, ९ मार्च

तीर्थरूप आईस,

इथूनच तुझ्या पायांवर डोके ठेवते. मी सुखरूप आहे आणि वेळेवर जेवते.

मागे लिहिले होते, की प्रत्येक पेशीत साऱ्या देहाची एकच पोथी असते आणि कुठे कोणते पान उघडायचे, हे काही प्रथिने ठरवतात. त्यांतले एक काढून घेतले, तर माशाच्या पिल्लात हृदयाचे पान उघडतच नाही, असा माझा निष्कर्ष होता. त्याचे कौतुकही झाले होते.

मंगळवारी ते प्रथिन काढलेल्या तशाच, काचेसारख्या पारदर्शक पिल्लांत, सूक्ष्मदर्शकाखाली, एक इवलासा ठिपका हलला. हृदय धडधडत होते! पिल्लांची बशी मी दर वेळी चुकून भलत्याच, थंड कपाटात ठेवत आले होते. गारव्याने हृदयाचे पान उघडणे केवळ लांबले होते आणि मी त्याआधीच पाहून निष्कर्ष काढला होता. किती वेळ मी त्या लयीत तरंगत होते, कोण जाणे. निष्कर्ष बुडाल्याचे भान फार उशिरा आले.

इथे चुकणाऱ्याने शुक्रवारच्या कॉफीला स्वतः केक करून आणायचा असतो. मी नेला.

"कुणाचा गं वाढदिवस?" आमची प्रमुख गुनव्होर म्हणाली.

"माझा निष्कर्ष चुकला," मी कसेबसे सांगितले.

"अगं, तीन महिन्यांची चूक आणि केक एवढासाच?" सारे हसले. मग ती हळूच म्हणाली, "सोमवारी प्रयोग पुन्हा मांड. योग्य कपाट मी दाखवते."

आई, जिना चढताना छातीत दुखते, असे तू ओझरते लिहिलेस. डॉक्टरांना सांगितलेस का? गप्प बसू नकोस. मीही बसले नाही.

तुझीच,
शलाका