अबोला कायम ठेवण्याबद्दल

मी, यामिनी गंगाधर देशकर, वय एकेचाळीस, व्यवसाय यंत्रदुरुस्ती, कायमची राहणार बुढापारा, रायपूर, सध्या मुक्काम अंतराळयान 'शिवनाथ', यंत्रखोली, दार आतून बंद, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते.

लिहिणाऱ्याची बुद्धी शाबूत आहे, असं अशा कागदात लिहितात आणि डॉक्टरचा दाखला जोडतात. दाखला मला जोडता येत नाही, कारण आमची डॉक्टर माया आता माया राहिलेली नाही. कुणाच्या दडपणाखाली लिहीत नाही, असंही लिहायची पद्धत आहे. तेही खोटं होईल. दाराबाहेर दोघं उभी आहेत आणि मला झोप लागायची वाट बघत आहेत. बाकी बुद्धी शाबूत आहे. वहिनीचा राग येतो, यानातल्या चहाचा राग येतो, म्हणजे मी अजून मीच आहे.

कलम १. माझा मृत्यू.
हा कागद घरी पोचेल त्या दिवसापासून मला मृत समजावं. यान दोन महिन्यांनी ठरल्याप्रमाणे उतरेल. त्यातून माझ्यासारखी दिसणारी बाई चालत बाहेर येईल, हात हलवेल, टीव्हीवर दिसेल. मोहल्ल्यातले लोक पेढे घेऊन येतील. तरीही मला मृतच समजावं. माझं दहावं-तेरावं तिच्या येण्याची वाट न बघता उरकून टाकावं. तिच्या हातापायांवर माझा हक्क सांगू नये आणि माझ्या घरावर तिचा हक्क चालू देऊ नये.

कलम २. असं म्हणण्याचं कारण.
आम्ही चौघं निघालो होतो. कप्तान भार्गव, डॉक्टर माया, यानचालक राजस आणि मी. सूर्याला वळसा घालून निघालेल्या एका परक्या दगडाची माती आणायची होती. आणली. डब्यात बंद केली. डबा बंद असूनही काय बाहेर आलं ते मला सांगता येणार नाही. एवढं कळलं की ते झोपेत शिरतं, एका वेळी एकात, आणि माणूस उठतो तेव्हा तो माणूस नसतो.

भार्गवसाहेबांचं सख्ख्या भावाशी शेतावरून भांडण. जेवताना भावाचा उद्धार केल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे. एकदा झोपून उठले आणि म्हणाले, "भाऊच आहे शेवटी. जाऊ द्या." आम्हाला वाटलं, इतक्या लांबून पृथ्वी बघितली की माणूस शहाणा होत असेल. आम्ही कौतुक केलं. मग मायाला सासूची आठवण येऊ लागली. मायाला! तेव्हा मात्र माझ्या अंगावर काटा आला. दोघं शेजारी बसून उपमा खात होती, आणि दोघांचा श्वास एकदम आत जात होता, एकदम बाहेर येत होता.

राजस आणि मी यंत्रखोलीत शिरलो आणि दार लावून घेतलं. पण हवा साऱ्या यानाची एकच, त्यामुळे दारानं फक्त ते दोघं बाहेर राहिले, बाकी काही नाही. जागं राहणं एवढाच उपाय उरला. पृथ्वीवरच्या नियंत्रण केंद्राला कळवलं, तर कप्तानांनी मधाळ आवाजात सांगितलं की यामिनीताईंना विश्रांतीची फार गरज आहे. केंद्रानं मलाच झोपेच्या गोळ्या घ्यायला सांगितल्या. यानाची वाट निघतानाच बांधून दिलेली आहे आणि ती बदलायची कळ पुढच्या खोलीत, त्यांच्या हाताशी आहे. घरी कागदाचा फोटो पाठवायची सोय तेवढी ह्या यंत्रखोलीत आहे. म्हणून हा कागद.

कलम ३. मला ओळखण्याबाबत.
तिला माझी सगळी आठवण असेल. बाबांना कुठली भाजी आवडायची, भाची श्रावणी लहानपणी कोणत्या पलंगाखाली लपायची, काहीही विचारा, बरोबर सांगेल. त्यावर जाऊ नये. त्यांना येत नाही ती एकच गोष्ट, राग. राजसनं दाराआडून कप्तानांना म्हटलं, "सर, भावाले एक शिवी देऊन दाखवा." त्यांनी चार दिल्या. शाळेत पाठ केलेली कविता म्हणतात तशा, हसत हसत.

कलम ४. घर, दुकान वगैरे.
(अ) चौबे कॉलनीतला माझा फ्लॅट आईला, श्रीमती प्रेमला गंगाधर देशकर हिला, ती असेपर्यंत. तिच्यामागे माझी भाची श्रावणी हिला. भाडेकरूला काढू नये, त्याचा स्वभाव वाईट असला तरी तो पाणी सांभाळून वापरतो.

(आ) बँकेत असेल ते आईचं. आकडा आईला माहीत आहे, तिला सगळ्यांचेच आकडे माहीत असतात.

(इ) स्कूटर प्रमोदिनी वहिनीला. तशीही ती न विचारताच नेते. ब्रेक दाखवून घ्यावा, हे मी तिला निघताना सांगितलं होतं आणि तिनं केलेलं नसणार.

(ई) गुढियारीतलं बाबांचं मोटार वाइंडिंगचं दुकान. त्यात निम्मा हिस्सा माझा. तांब्याची तार बोटाला न कापता कशी गुंडाळायची हे बाबांनी मला ह्याच दुकानात शिकवलं, आणि पुढे कुठल्याही मोठ्या संस्थेत मला त्याहून महत्त्वाचं काही शिकवलं गेलं नाही. माझा हिस्सा श्रावणीला. वाइंडिंगची मशीन आणि बाबांचे पान्हे तिलाच. ती म्हणेल, "मेरे को नहीं सीखना ये सब." शिकावं. आई, तिला शिकवायला दादाला सांग. ह्यात मी दादाला काही दिलं असा अर्थ काढू नये.

कलम ५. अबोला.
वाचणाऱ्या परक्यांसाठी लिहिते. दादा म्हणजे नरेंद्र गंगाधर देशकर, माझा सख्खा थोरला भाऊ. आम्ही एकाच घरात राहतो आणि बोलत नाही.

बाबा आजारी पडले तेव्हा माझी निवडीची शेवटची चाचणी चालू होती. फोन केला की दादा म्हणायचा, "बाबा झोपले. उठले की सांगतो." रोज तेच. मी निवडले गेले, पेढे घेऊन बुढापाऱ्यात आले, आणि समोरच्या भिंतीवर बाबांचा फोटो, हार घातलेला. तेरावंसुद्धा होऊन गेलं होतं. दादा म्हणाला, बाबांनीच शपथ घातली होती, पोट्टीले सांगू नको, ती सारं सोडून येते. असेल. बाबा तसेच होते. पण बापाचं तोंड मला बघू द्यायचं की नाही हे ह्या दोघांनी परस्पर ठरवलं, आणि मी पेढ्यांचा पुडा हातात धरून उभी राहिले.

तेव्हापासून अबोला. तो हाताच्या अंतरावर बसलेला असतो आणि मी म्हणते, "आई, दादाला विचार, पोळी वाढू का." तो म्हणतो, "आई, तिले सांग, अर्धी." श्रावणी चालायला लागल्यापासून आमची टपालवाली. "पापा, आत्या पूछ रही है, पंखा बंद कर दूँ?" भाऊबिजेला मी त्याला ओवाळते. न चुकता. पाट मांडते, टिळा लावते, एक शब्द बोलत नाही. तो ताटात ओवाळणी टाकतो आणि निरांजन विझेपर्यंत उठत नाही, काही ऐकायला मिळेल म्हणून.

ह्या भाऊबिजेला मी इथे होते. दादाचा निरोप आला. आईमार्फत नाही, सरळ मला. "यामी, मी चुकलो. एकदा फक्त हव म्हण. बाकी काही बोलू नको." हव म्हणजे हो, एवढंच. ते वाचून मी यंत्राच्या मागे जाऊन रडले. लाज वाटत नाही लिहायला. मी उत्तर लिहायला बसले आणि तेवढ्यात कप्तानांना भाऊ आवडायला लागला.

राजसला मी हे सगळं सांगितलं. राजस नागपूरचा. पूर्ण प्रवासभर माझ्या मराठीला नावं ठेवत आला, "तुम्ही रायपूरवाले अर्धे हिंदीवाले." तो म्हणाला, "माफ-गिफ काही करू नको आता. मले माह्या मामाचा राग आहे. न विचारता माही मोटारसायकल विकली त्यानं. तो राग मी मेल्यावरही सोडत नाही. तू पण पकडून ठेव. घरच्यांपाशी तेवढीच खूण राहील." खरं आहे. तेव्हा असं ठरवते की माझ्यासारखी दिसणारी जी बाई येईल ती जर दादाशी बोलली, तर ती मी नव्हे. तिला उंबऱ्याच्या आत घेऊ नये. ती ज्या छताखाली झोपेल, तिथे सकाळी कुणीच आपलं राहणार नाही.

इथपर्यंतचा कागद राजसनं वाचला आणि साक्षीदार म्हणून सही केली. "दुसरा साक्षीदार कुठून आणतेस?" म्हणाला आणि हसला.

कलम ६. साक्षीदाराबाबत.
राजसला झोप लागली. मी त्याला चिमटे काढले, तोंडावर पाणी मारलं, "पोट्ट्या, डोळे उघड" म्हणून थोबाडीत दिली. मान कलली ती कललीच. मी त्याच्यापासून जेवढी लांब जाता येईल तेवढी गेले, म्हणजे चार पावलं. खोलीच तेवढी आहे.

तो उठला. केस नीट केले. म्हणाला, "यामी, काहून रडून राहिली? थोडी पडून घे न."

मी विचारलं, "तुझ्या मामाचं काय?"

"मामा बिचारा," तो म्हणाला. "म्हातारा झाला तो आता. आणि तुमची रायपूरची मराठी किती गोड आहे, नाही?"

दाराबाहेरच्या दोघांचा श्वास पत्र्यातून ऐकू येतो. राजसची छाती त्याच तालावर वरखाली होत होती. ह्या मुलानं माझ्यासाठी स्वतःच्या वाटची कॉफी ठेवली होती. मला ओरडायचं होतं, पण ओरडून ऐकणार कोण.

तो अंगावर आला नाही. त्यांना घाई नसते. त्यानं कागद मागितला, सगळा पुन्हा वाचला आणि म्हणाला, "दुसरी सही पाहिजे न? मी करतो."

मी म्हटलं, "तुमच्याच विरुद्ध आहे हा कागद."

"लिही न तुले काय लिहायचं ते," तो मायेनं म्हणाला. "तुझा दादा दार उघडतेच. किती वर्षांपासून वाट पाहून राहिला तो."

आणि सही केली. पहिलीसारखीच, तसाच शेवटचा फराटा. कायद्याला दोन वेगळे साक्षीदार लागतात. ह्याहून वेगळे मला मिळाले नसते, म्हणून राहू दिली.

कलम ७. शेवटचं.
हे आईमार्फत नाही आणि श्रावणीमार्फत नाही. दादा, हे तुलाच.

झोपून उठलेला राजस म्हणतो ते खरं आहे. तू उघडशील. तुला मी ओळखते. ती दारात उभी राहील, माझ्या आवाजात म्हणेल, "दादा, झालं गेलं जाऊ दे. तू बाबांचं ऐकलंस, तुझं काही चुकलं नाही." ही वाक्यं ती मनानं बनवणार नाही. ती माझीच आहेत. भाऊबिजेपासून माझ्याजवळ तयार आहेत, म्हणून तर तिला सापडतील. ती मी आत्ता इथे लिहिली तर मला इतकं हलकं वाटेल की डोळे आपोआप मिटतील. आणि मग तिचं म्हणणं आणि माझं म्हणणं एकच होईल, तुला फरक कशावरून कळणार? तू तिला आत घेशील. वहिनी चहा टाकेल. आई तिच्या शेजारी झोपेल. पहाटे श्रावणीसकट तुम्ही सगळे एका तालात श्वास घेत असाल.

म्हणून नीट वाच. दादा, मी तुला माफ केलेलं नाही. माफ करत नाही. माफ करणार नाही. हे मी पूर्ण शुद्धीत, दात-ओठ खाऊन लिहिते आहे. हा कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटव. ती रडेल, बाबांच्या नावानं शपथ घालेल, थंडीत उभी राहील, आणि तुझा हात कडीकडे जाईल. तेव्हा हा परिच्छेद मोठ्यानं वाच. श्रावणीला मागच्या खोलीत ने आणि तिचे कान झाक. खिडकीतूनसुद्धा बघू नकोस, चेहरा माझाच आहे, तुला बघवणार नाही.

ज्याच्याशी काही उरलेलं नसतं त्याच्याशी कुणी अबोला धरत नाही, एवढं तुला कळतं. जास्त लिहीत नाही. जास्त लिहिलं तर तुला पुरेल एवढं त्यात सापडेल, आणि तू उघडशील.

कडी लाव, दादा. मी तुझ्याशी बोलत नाही.

मृत्युपत्र करणार:
यामिनी गंगाधर देशकर

साक्षीदार:
१. राजस शालिग्राम बोकारे, नागपूर (झोपेआधी)
२. राजस शालिग्राम बोकारे (झोपेनंतर)

स्थळ: यान 'शिवनाथ', परतीच्या वाटेवर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५. अजून जागी आहे.