उजवीकडची सीट

प्रिय लैले,

आदी लाडवांचं सांगते. अपेक्षा, आमच्या बंगल्यावर सैपाकाला येती ती, आज तिच्या सासरी खोपोलीला चाललीय. तिच्यासंगं तुझ्या नूरसाठी डिंकाच्या लाडवांचा डबा धाडलाय. वरच्या थरात दोन कमी दिसतील, ते मी खाल्लेत, अपेक्षाला बोल लावू नको. बाळंतिणीचं कोणीतरी चाखून बघायलाच पायजे. डब्याच्या तळाला फडक्यात बांधलेलं काय हाय ते आत्ताच उचकू नको. पत्र पुरं वाच, मग बघ. तुला शाळेपासनं दम न्हाई. गुरुजींचा प्रश्न पुरा व्हायच्या आदी तू उत्तर फेकायचीस, अन् भागी बडबडली म्हणून छडी मला बसायची.

बाळ कसं हाय? नाक तुझ्यावर गेलंय म्हणत्यात. आता त्यानं बिचाऱ्यानं तरी काय करावं. हितं भात निसवून लोंब्या आल्यात, कुंपणाची मेंदी कापून झाली, पाऊस उघडतोय म्हणतो अन् परत येतो. सकाळच्या पारी धुकं एवढं पडतं की लोहगड गायब. अन् तुझी सवत आता उभी राह्यलीय. सवत म्हंजे ती आमच्या बंगल्याच्या शेठची अमेरिकेची गाडी. तू नूरकडं गेलीस तवा तिचा नुसता सांगाडा व्हता.

ती आली तवा तू हितंच व्हतीस. आठवतं का, न्हावाशेव्याच्या बंदरातनं ट्रेलरवर बांधून आणलेली, आमच्या गल्लीत वळंना, ड्रायव्हर घामाघूम अन् अर्धी मळवली सल्ले द्यायला. शेठनी मोबाईलात फोटो बघून घेतलेली. तिकडं कुटल्या शेतकऱ्याच्या शेडात धूळ खात पडली व्हती म्हणे. शिटा उचकल्या तर खाली उंदराचं घरटं. तू म्हणलीस, ह्याचा बी पासपोर्ट बघा. समदे हसले. तुझे मालक इकबालभाऊ तेवढे हसले न्हाईत. ते उजव्या दारापाशी उकिडवे बसून पत्र्यावर हात फिरवत व्हते. ते दार आत चेपलेलं व्हतं. शेठ म्हणले, जहाजात लागलं आसंल. इकबालभाऊ म्हणले, न्हाई शेठ, आत गंज चढलाय, हा मार जुना हाय. तिकडं ड्रायव्हरचं चाक डावीकडं आसतं, ह्या बाजूला घरची माणसं बसत्यात. मग तूच म्हणलीस, चला चहा ठेवा.

इकबालभाऊंनी सोमाटण्याच्या आपल्या गॅरेजचं शटर ओढलं अन् हत्यारं घेऊन आमच्या शेडात आले. दुसरं काम हातात घेतलं न्हाई. सडका पत्रा कापला, नवा जोडला, खळग्यांत लांबी भरून गुळगुळीत केली, पॉलिश पेपर मारून मारून बोटांची सालं गेली. काच अमेरिकेतनं आली, रबर मुंबईतनं. आता बघशील तर रंग आभाळी, अन् मागचे दोन पत्र्याचे पंख आसे की घारीनं उडायच्या आदी पसरावं. मी चिडवते, भाऊ, एवढी पावडर लैलाला कधी लावली न्हाई. तर म्हणत्यात, लैलाला लागतच न्हाई. घे, निरोप पोचवला. समदं बेस झालं, फक्त ते उजवं दार बसंना. तीनदा बिजागरी बदलली, तरी लागल्यासारखं वाटतं अन् खड्डा आला की उघडतं. आतनं धरून बसावं लागतं.

आता माझ्या खोड्यांचं सांगते, कारण समदं तितनंच सुरू झालं. माणूस कामात गुंतला की मला राहवत न्हाई, तुला ठाऊक हाय. चहा नेला की मी कप आवाज न करता ठेवायची अन् बाजूला उभी राहून वाकुल्या दाखवायची. ते पाना उगारायचे, म्हणायचे, वैनी, नातवंडाची आजी व्हायला आली तुमची मैतरीण, तुमी कवा मोठ्या हुणार. लावणी आटपली त्या टायमाला एकदा मी त्यांच्या उजव्या हाताला उभी राहून जीभ काढली, डोळे फिरवले, पदर तोंडावर घेऊन हडळ केली. ते आपले नट पिळत्यात. मला वाटलं, चला, उशिरा का हुईना, शहाणे झाले. मग म्हणत्यात, वैनी, आज चहा न्हाई का. कप त्यांच्या उजव्या ढोपरापासनं वीतभर व्हता. मी तो उचलून त्यांच्या तोंडासमोर पिऊन टाकला अन् म्हणलं, न्हाई. दोगं बी पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी कप डावीकडं ठेवला, तर लगेच उचलला. मग परत एकदा उजवीकडं ठेवला, अन् बघत बसले. चहा गार झाला, साय धरली. तवा मी हसले न्हाई.

तरी मनाची समजूत घातली. कामात आसत्यात, वय झालं. मग गाडी रस्त्यावर काढायचा दिवस आला. डावीकडच्या चाकाची भानगड तुला सांगते. आपल्या रस्त्याला ड्रायव्हर बसतो गटाराच्या कडंला, अन् पुढं ट्रक आसला की पलीकडनं काय येतंय ते त्याला दिसत न्हाई. म्हणून उजवीकडं बसणाऱ्यानं मान बाहेर काढून बघायचं अन् ट्रकच्या क्लीनरवानी दारावर हात मारायचा. एकदा मारला की थांब, दोनदा मारला की जाऊ दे. इकबालभाऊ मला म्हणले, वैनी, तुमी तशाबी गावभर बघत फिरता, तेवढे डोळे आज आमच्या कामी येऊ द्या. मी इरकल नेसले, शेठाणीवानी बसले, एका हातानं दार धरलं अन् दुसऱ्यानं बडवायला लागले. कार्ला फाट्यापतूर पोरं मोबाईल घेऊन मागं पळत व्हती. लय मजा आली, खोटं कशाला बोलू.

येताना श्रीपती, आपला दूधवाला, सायकलला किटल्या अडकवून उजवीकडच्या पायवाटेनं रस्त्यावर आला. पुढं ट्रक न्हाई, टेम्पो न्हाई, रस्ता उघडा. एवढा धिप्पाड माणूस, लाल सदरा, किटल्या खणखणत्यात. मी दारावर हात मारला न्हाई, त्यात मारण्यासारखं काय व्हतं. गाडी तशीच गेली. मी किंचाळले तवा ब्रेक लागला. श्रीपती खाचरात, सायकल बांधावर, दूध भाताच्या पाण्यात. वाचला. ढोपर फुटलं तेवढंच. इकबालभाऊ उतरून त्याला उचलत म्हणले, डावीकडं चाक आसलं की आसंच व्हतं बघ. समद्यांनी मान हलवली, श्रीपतीनं सुदिक. ते चाक लय चांगलं सापडलंय त्यांना, लैले. त्याच्या आड समदं लपतंय.

त्या दिवशी दुपारी ते शेडात बसले व्हते. मी खेळ केल्यासारखा मागनं जाऊन पदरानं त्यांचा डावा डोळा झाकला अन् विचारलं, सांगा भाऊ, बोटं किती. म्हणले, दोन. मी हात वर केलाच नव्हता.

मी पदर काढला न्हाई अन् त्यांनी बी काढला न्हाई. तसंच बसून सांगितलं. साखरेनं उजवा डोळा गेलाय. तळेगावच्या डॉक्टरांनी पावसाच्या आदीच सांगितलं की तो परत येणार न्हाई, अन् डावा बी जायला लागलाय, गाडी चालवायची न्हाई. मी म्हणलं, मग ऐकलं का न्हाई? म्हणले, वैनी, ही एक गाडी पुरी हुईस्तोवर देवानं थांबावं. माझ्या घरातल्या धन्याच्या तसबिरीच्या दिशेनं हात केला अन् म्हणले, त्याची आण हाय, लैलाला बोलायचं न्हाई, ती बाळंतपणात गुंतलीय. आमचे धनी गेले तवा दीर मला माहेरी धाडायला निघाला व्हता. इकबालभाऊंनी शेठशी बोलून मला हितं राखणीला लावलं, पत्र्याचं घर स्वता उभं करून दिलं. त्या माणसानं धन्याची आण घातली तर मी काय बोलणार. मी हूं म्हणलं.

हूं म्हणलं तवा मला पुढचं ठाऊक नव्हतं. आईतवारी नूरच्या बाळंतपणाचा चाळिसावा दिवस. ह्या गाडीत घालून ते तुला, नूरला अन् बाळाला वर आणणार हायेत. तुला आदी सांगायचं न्हाई, दारात हॉर्न वाजवून दचकवायचं. शेठनी व्हय म्हणलंय. नूरच्या पाठवणीला इकबालभाऊंचीच व्हॅन बंद पडली अन् पोरगी रिक्षात बसून गेली, मेकॅनिकची पोरगी म्हणून लोकांनी टिंगल केली, ते अजून सलतंय त्यांना. आता नातू पंखाच्या गाडीतनं येणार. पुढच्या सीटवर त्यांनी तुझी हिरवी चादर आत्तापासनं आंथरलीय. नूर मागं, अन् पुढं उजवीकडं तू, बाळ तुझ्या मांडीवर. म्हणत्यात, लैला दार बडवंल की. मी म्हणलं, भाऊ, तिला हात किती? एका हातानं बाळ धरायचं, एका हातानं ते दार धरायचं, अन् घाटात धुक्यात, शिंग्रोबाच्या वळणावर, ट्रकांच्या रांगेत बडवायचं कशानं? ते हसले. म्हणले, तुमी लय विचार करता.

फोन का न्हाई केला म्हणशील. केला व्हता. परवा सांजंला म्हणलं, लैले, इकबालभाऊंच्या डोळ्याचं काय तरी... तू पुरं ऐकलंच न्हाई. हसत नूरला म्हणलीस, भागीनं नवं खूळ काढलं बघ. तुझं तरी काय चुकलं. इकबालभाऊ चिक्कीवालीसंगं पळाले म्हणून तुला लोणावळा टेशनापतूर पळवली ती मीच. तुझी शेळी बिबट्यानं नेली म्हणून रडवली ती बी मीच, अन् शेळी माझ्याच परड्यात पाला खात व्हती. म्हणून लिहिते. कागदावर मी तुला कवाच फसवलं न्हाई, कारण कागदावर मी तुला आजवर काय लिहिलंच न्हाई.

आता तळातलं फडकं सोड. त्यात बोटाच्या पेराएवढा काळा तुकडा हाय. त्याला रोटर म्हणत्यात, इंजिनात बसतो. इकबालभाऊंनीच हौसेनं दाखवला व्हता, वैनी, एवढीशी वस्तू, पण ही नसली की गाडी नुसती खोकती, पेटत न्हाई, अन् दुसरी आणायची तर अमेरिकेतनं. काल ते नमाजाला गेले तवा मी तो काढला. म्हणलं, आईतवार तर टळंल. सकाळपासनं म्हणत्यात, वैनी, खोडी पुरे झाली, द्या. शेडात शोधला, खुराड्यात हात घातला. मी म्हणलं, कोंबडीनं गिळला आसंल. आदी हसले, मग रखमाजीच्या भंगाराच्या दुकानाकडं गेले.

हे लिहिताना शेडातनं कानशीचा आवाज येत व्हता. मला वाटलं, दाराची कड घासत्यात. अपेक्षा आत्ता चप्पल घालताना सांगती, भंगारातल्या जीपचा रोटर आणलाय, तो घासून बसवत्यात. आवाज थांबलाय. गाडी खोकली. परत खोकली. लैले, पेटली. डब्यातला तुकडा आता बाळाच्या खुळखुळ्यात टाक, त्याचा उपयोग संपला, हा कागद तेवढा राह्यला. मी धन्याची आण मोडली, त्याचं मी बघून घेईन. तू आईतवारची वाट बघू नको. नूरला सासूवर सोपव अन् एकटी येष्टीनं वर ये. भांडू नको, रडू नको, नुसती त्यांच्या उजव्या हाताला उभी राहा, ते तुला हाक मारत्यात का बघ. अन् तू पोचायच्या आदी ते निघालेच, तर त्यांना एकटं घाट उतरू देणार न्हाई. तुझ्या चादरीवर मी बसलेली आसंन, दार धरून. खोपोलीत दारात हॉर्न वाजला तर बाळाला घेऊन उठू नको, उंबरा ओलांडू नको. उजवीकडनं आदी कोण उतरतंय ते बघ. मी उतरले तर एक लाडू माझ्यासाठी काढून ठेव.

तुझीच,
भागी