माधवसाठी वेडर्स

१८ जानेवारी, येलहंका
माधवने माळ्यावरून जुने वेडर्स काढायला लावले. पावलांपासून छातीपर्यंतची ती जलरोधक विजार, हिमाचलच्या तीर्थन नदीत किती उन्हाळे उभी राहिलेली. एप्रिलमध्ये तिथे ट्राउट मासे पकडायला जायचं म्हणतो. पार्किन्सनचं निदान होऊन हे चौथं वर्ष. कापडाला अजून नदीचा वास आहे. किंवा मला वाटला.

१९ जाने.
दुपारी पडदे ओढून विजारीच्या पायात टॉर्च सोडला. भोकं अशीच दिसतात. गुडघ्यावर सहा-सात ठिपके, अगदी जवळजवळ. मा. पलंगावर पडून बघत होता. "कृत्तिका," म्हणाला. मांडीच्या आतल्या शिवणीवर उजेडाचा लांब पट्टा. "आणि ही आकाशगंगा." मीही शेजारी आडवी झाले. पडदे उघडावेसे वाटेनात.

२४ जाने.
यशवंतपूरला एकटीच गेले. रेनकोट, तंबू दुरुस्त करणारे अण्णा बेळगावकडचे. शिवण ताणून बघितली. "गुडघ्याला ठिगळ लावतो की, अक्का. शिवण मात्र गेली बघा. स्वल्प दिवस चालंल."
"किती?"
"एक सीझन. फार तर."
एक सीझन पुरे, असं मनात आलं. लगेच लाज वाटली. घरी सांगितलं फक्त, शिवण गेली.

२ फेब्रु.
मा. सकाळपासून नेटवर नवे बघतोय. निओप्रीन रबराचे उबदार पण जड, त्याला झेपणार नाहीत. हलक्यांत दोन प्रकार. तीन थरांचे, नाहीतर गुडघ्याखाली पाच थर असलेले. त्याला पाचवालेच हवेत.
"दहा वर्षं टिकतात, सुधा."
मी मान हलवली. माउसवर हात थरथरत होता, पडद्यावरचा बाण पाण्यावरच्या किड्यासारखा भिरभिरत होता.

९ फेब्रु.
पहाटे स्वप्न. तो नदीच्या मधोमध, गळाची दोरी हवेत लांबलचक वळण घेतेय. हात स्थिर. मी काठावरून हाका मारतेय, पण आवाज पाण्याचाच येतोय. जागी झाले तेव्हा पावलं गार.

१४ फेब्रु.
डॉ.ना विचारलं, पाण्यात तोल गेला तर? "आत पाणी शिरलं तर उठणं कठीण. कमरेचा पट्टा घट्ट हवा, शेजारी माणूस हवं." हो नाही, नाहीही नाही.
गाडीत मा. म्हणाला, "तुला सरळ नको म्हणता येतं."
"तू दहा वर्षांचे का घेतोस?"
"मग काय, एका खेपेचे घेऊ?"
हेब्बाळच्या सिग्नलला मी म्हटलं, पाच थरांचेच घे. दोन जोड. एक माझ्या मापाचा.
त्याने खिडकीबाहेर बघितलं. डोळे पुसले असावेत.

८ मार्च
होसकोट्याला मैत्रिणीच्या, नलिनीच्या शेतावर. तिच्या दगडी पायऱ्यांच्या तळ्यात दोघं नवे वेडर्स घालून उतरलो. नलिनी काठावर, आमच्या ध्यानाला हसत. कमरेपर्यंत पाणी. पाय कोरडे, नुसता दाब, कुणी हळूच धरल्यासारखा. मी मागून त्याचा पट्टा पकडलेला.
त्याने दोरी फेकली. थरथरत गेली, वेडीवाकडी पडली. टोकाला बांधलेली पिसांची खोटी माशी मात्र तरंगली.
"सोड आता."
"नको."
"सुधा. जरा."
एप्रिलची तिकिटं अजून काढलेली नाहीत. काल विषय काढला नाही, आजही नाही.
पट्ट्यावरचं एक बोट सोडवलं. मग दुसरं. तिसऱ्यापाशी थांबले. तो पुन्हा सोड म्हणाला नाही. दोरी मागे ओढली, परत फेकली.