सूनबाई पंचाला विचारत नाहीत

अमरावती,
१२ जानेवारी १९६४

राजमान्य राजश्री किसनराव व्याही यांस केशवरावाचा मनापासून रामराम. आम्ही इकडे धडधाकट आहोत. तुमची कंबर आणि विहीणबाईंचा खोकला कसा आहे ते कळवावं. पानमळ्याला पाणी पुरतंय ना? (मागच्या खेपेची पानं इतकी झकास होती की आमच्या घरी चार दिवस भांडण झालं नाही. सगळ्यांची तोंडं भरलेली होती.)

तुमचं पत्र पोचलं. जमुना कॉलेजच्या पोरींत क्रिकेट खेळते असं अंजनगावच्या बाजारात कोणी तुम्हाला सांगितलं, आणि ते खरं असेल तर येत्या रविवारी तिला कायमची माहेरी न्यायला येतो, असं तुम्ही लिहिलंत. व्याहीबुवा, ते खरं आहे. पण आधी पाणी प्या, पुढचं वाचा, आणि मग एस.टी.चं बघा.

मुळात दोष तुमचा. लग्नाआधी सात-आठ हंगाम लेकीला ज्वारीच्या मचाणावर उभं करून पाखरं हाकलायला कोणी लावलं? गोफण फिरवून फिरवून तयार झालेला तो खांदा तुम्ही आमच्या घरी पाठवलात आणि इथे तर ना मचाण ना पाखरं. कॉलेजात पोरींनी तिच्या हाती चेंडू दिला तेव्हा पहिल्याच फेकीत मधल्या दांडीचे दोन तुकडे झाले. (आमचे चिरंजीव चंद्रभान नोकरीवरून शनिवारी घरी आले की ती त्यांना अंगणात बॅट देऊन उभं करते. हल्ली ते महिन्यातून एकदाच येतात आणि नडगीला तेल लावून परत जातात.)

तर गेल्या महिन्यात अकोल्याच्या मुलींशी सामना ठरला. पोरींच्या सामन्यात पंच म्हणून उभं राहायला कोणी पुरुष तयार होईना. एकाला तर अचानक ताप आला. मी तीस वर्षं शाळेत ड्रिल मास्तर होतो, नियमांचं पुस्तक पाठ आहे, म्हणून म्हटलं मी उभा राहतो. इथे माझी चूक झाली. सबंध मैदानाचा मी पंच असलो तरी एका गोलंदाजाचा सासरा आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

नियम असा आहे की चेंडू दांड्यांसमोर फलंदाजाच्या पायावर आदळला, तरी खेळाडूंपैकी कोणीतरी मोठ्यानं विचारल्याशिवाय पंचानं बोट वर करायचं नाही. आणि आमची जमुना दोन वर्षांत माझ्यासमोर ‘चहा ठेवला’ याहून मोठ्यानं बोललेली नाही. अकोल्याची कर्णधार पंचफुला म्हणून होती. दारात खाट आडवी टाकावी तशी दांड्यांपुढे उभी. जमुनाचा चेंडू सरळ तिच्या पायावर बसला. स्वच्छ बाद! मी बोट खिशातून काढून तयार ठेवलं. जमुना माझ्याकडे वळली, कमरेला खोचलेला पदर उपसून डोक्यावर घेतला आणि खाली मान घालून परत चालू लागली. मागे आमची यष्टिरक्षक मैना, ती तर चेंडू आला की डोळेच मिटते. मी मनात म्हणत होतो, विचार गं पोरी, एकदा विचार. असं तीनदा झालं. तीस वर्षांत इतका लाचार मी कधी झालो नव्हतो.

चौथ्या वेळी तिनं पदर पुन्हा घट्ट खोचला, लांबून धावत आली आणि पंचफुलाच्या दोन दांड्या पार यष्टिरक्षकामागे नेऊन टाकल्या. त्यात कोणाला काही विचारायचंच नसतं. मग आणखी पाच जणी तशाच गेल्या आणि सामना आपण जिंकलो. घरी आल्यावर सुंदराबाईंनी (म्हणजे आमच्या कुटुंबानं) तिला विचारलं, “काहून वं, तू मामाजीले इचारलं काहून नाई?” मी ओसरीवर होतो, मला सगळं ऐकू आलं. जमुना म्हणाली, “मामाजीसमोर आवाज कसा चढवू? म्हून म्हटलं, इचाराचं कामच ठेवत नाई.”

किसनराव, मी पुष्कळ खेळाडू पाहिले. पंचावर डोळे वटारणारे, बाद होऊन न जाणारे. पण रीतही मोडायची नाही आणि गडीही सोडायचा नाही, असा खेळाडू मी पहिल्यांदाच पाहिला, आणि तो माझ्या घरात भाकरी थापतो. मला तिचा फार अभिमान वाटतो. तिला तोंडावर सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहितो. विहीणबाईंना नमस्कार.

आपला,
केशवराव

ता. क. नागपूरच्या मुलींनी आपल्या पोरींना त्या रविवारनंतरच्या सोमवारपासून चार दिवस खेळायला बोलावलं आहे. सुंदराबाई म्हणतात, लेक त्यांची, उद्या बोल आपल्यावर नको, बापाच्या हातच्या दोन ओळी आल्याशिवाय पोर गाडीत बसणार नाही. रविवारी न्यायला याच, पण नागपूरला न्यायला या. तेवढ्या दोन ओळी मात्र आधी टाका.

ता. क. दुसरा. नागपूरला पंच परके असतील, म्हणजे ती ओरडून विचारेल. मला ते एकदा ऐकायचं आहे. मी मंडपाच्या कनातीमागे उभा राहणार आहे. तुम्ही तिच्यासमोर बसा, पण मी आलोय हे तिला सांगू नका.