मिठाचा खांब

प्रिय प्रिसिला,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच चुलीत टाकशील, या भीतीनं पत्ता पोस्टातल्या बाईंकडून लिहून घेतलाय. रागावू नकोस. मागच्या ऑक्टोबरात मी तुझ्या पायरीवरचा, तुझ्या लेकीनं, टेसानं डोळे-दात कोरलेला हॅलोवीनचा भोपळा उचलून कचऱ्याच्या पिंपात टाकला, वर बायबलमधली दोन वचनंही ऐकवली. तू म्हणालीस, "दादा, बाबा परवडले तुझ्यापेक्षा!" त्याला वर्ष झालं. तुझा फोन नाही. आईच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या प्रार्थनेलाही तू मागच्या बाकावर बसून आधीच निघून गेलीस. आपण दोघंच उरलोय गं, आणि तेही असे.

हल्ली मला आपल्या लहानपणीचा हॅलोवीन फार आठवतो. बाबा पडवीतला दिवा नुसता बंद करायचे नाहीत, बल्बच काढून खिशात ठेवायचे. मग आपण चौघं तळघरात, काकडीच्या लोणच्याच्या बरण्यांमध्ये बसून स्तोत्रं म्हणायचो. वर भुताखेतांचे वेष घेतलेली पोरं गोळ्या-चॉकलेटं मागायला दार ठोठावायची, "कोणी आहे का घरात?" गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं, असं बाबांचं मत. म्हणून ते खालून ओरडायचे, "आहोत! पण देणार काही नाही!" पोरं मुद्दाम पुन्हा पुन्हा यायची. आई म्हणायची, "अहो, एकदा खोटं बोला, देव समजून घेईल." बाबा म्हणायचे, "देव घेईल, पण मला सवय लागेल."

शाळेत तरी सुख कुठं होतं? दोन खोल्यांच्या आपल्या शाळेत बाकीची मुलं कागदाची वटवाघळं कापायची आणि आपण दोघं कोपऱ्यात प्रलयातून प्राण्यांच्या जोड्या वाचवणाऱ्या नोहाचं तारू रंगवायचो. तू तारवाच्या खिडकीत दोन वटवाघळं काढलीस. बाई ओरडल्या, तर म्हणालीस, "मग नोहानं काय त्यांना बुडू दिलं?"

मग चर्चनं हॅलोवीनच्याच संध्याकाळी कापणीचं जेवण सुरू केलं. मुलांनी वेष घ्यायचा, पण बायबलमधल्याच माणसाचा. त्या वर्षी दहा मुलांपैकी सात मेंढपाळ होते, मीही त्यातलाच, डोक्याला आईचा टॉवेल. आणि तू नऊ वर्षांची, डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर, डोळ्यांना दोन भोकं. बाबांचा चेहरा उतरला. "हे भूत कुणाचं?" तू आतून म्हणालीस, "भूत नाही, लोटाची बायको. मिठाचा खांब झाल्यानंतरची." चादरीवर खरंच मीठ शिंपडलं होतंस. सदोम या पापी शहरातून पळताना तिनं मागं वळून पाहिलं आणि ती मिठाचा खांब झाली, हे वचन तुला तोंडपाठ होतं, कोण काय बोलणार? पास्टर होल्कम म्हणाले, "शास्त्राला धरून आहे."

सूप वाढेपर्यंत मिठाचा खांब गायब. पाऊण तासानं तू आलीस ती उशीची खोळ गोळ्या-चॉकलेटांनी भरून. अख्खी मेन स्ट्रीट फिरून आली होतीस. बाबांनी विचारलं, "कुठं होतीस?" तू म्हणालीस, "सदोममधून पळत होते, बाबा."

बाबा वळले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. तुला वाटलं, ते रडताहेत. तू खोळ तिथंच टाकलीस, आणि पुढं कधी कुठला वेष घेतला नाहीस. बाबांच्या अंत्यविधीच्या दिवशी तू मला म्हणालीस, "मी त्यांना एकदा रडवलंय." मी नुसती मान हलवली.

प्रिसिला, मी भिंतीच्या बाजूला उभा होतो. मला त्यांचा चेहरा दिसत होता. बाबा हसत होते. हसू आवरेना म्हणून त्यांनी टोपी तोंडात कोंबली होती. माझ्या कानात म्हणाले, "तिला सांगू नकोस, नाहीतर पुढच्या वर्षी ती दुष्ट राणी ईजबेल होऊन येईल." मी सांगितलं नाही. आधी वडिलांचा शब्द म्हणून. नंतर घरातलं शहाणं मूल एकच असावं, आणि ते मी असावं, म्हणून. तू बाहेर गेलीस हे बाबांना सांगणाराही मीच होतो.

माझं मत बदललंय असं समजू नकोस. मरणाची थट्टा मला आजही रुचत नाही, आणि सैतान मला खराच वाटतो. पण हॅलोवीनच्या या संध्याकाळचं नाव पडलंय दुसऱ्या दिवशीच्या संतांच्या सणावरून, आणि मी त्या नावाखाली काय केलं, तर सात वर्षांच्या पोरीला रडवलं. प्रभूनं मला तिच्या पायरीवर पाठवलं नव्हतं. तुझ्या घरातून हसण्याचा आवाज येत होता आणि मला आत बोलावलं नव्हतं, एवढंच कारण होतं. मी त्याला वचनं चिकटवली.

हे पत्र एवढ्यासाठी, की टेसाची माफी मला समोर उभं राहून मागायची आहे, फोनवर नाही. येत्या शुक्रवारी, एकतीस तारखेला, हॅलोवीनलाच, पाच वाजता येतो. त्या संध्याकाळी चर्चमध्ये प्रार्थना चालवायची पाळी माझी होती. पास्टरना सांगितलं, बहिणीकडे जायचंय. ते म्हणाले, "त्याच दिवशी?" मी म्हटलं, "हो, त्याच दिवशी." त्यांनी वहीतलं माझं नाव खोडलं आणि म्हणाले, "माझ्यासाठी थोडं चॉकलेट आणाल का?"

तुझाच,
ओरिनदादा